पंचफुलेची खांदशेकणी

फोटो नाहीत. व्हिडिओ नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे सरांचाही वेळ वाचेल आणि तुमचाही. शेवटच्या वर्षाला मांडणशिल्प करायचं, त्याचे पंचवीस-तीस फोटो, एक छोटी फिल्म आणि वर दोन पानं 'संकल्पना' जोडायची, असा आमच्या कॉलेजचा रिवाज आहे. माझ्याकडे नुसती पानं आहेत, आणि त्यांत संकल्पना कमी, माझी मायच जास्त आहे. घ्यायची तर घ्या. नाहीतर, माय म्हणते तसं, काय करान थे करा.

माय म्हणजे पंचफुला. शेलूबाजारला उतरून जीपनं आत जावं लागतं असं आमचं गाव. अंगानं बारीक, आवाजानं दांडगी, शाळा चौथीपर्यंत. लाजणं-बुजणं देताना देव बहुतेक दुसऱ्या घरी गेला असावा. तिच्या उजव्या खांद्यावर, मानेच्या जरा खाली, लिंबाएवढा घट्टा आहे. माझं मांडणशिल्प त्या घट्ट्याबद्दल होतं. 'स्मृती आणि शरीर' असा विषय मी फॉर्मवर लिहिला होता. मायला वाचून दाखवला तर म्हणाली, "एवढं मोठं नाव? साधं घट्टा लिव ना बाप्पा."

तो घट्टा आला कसा, ते आधी.

पुंजाजी मोठेबाबा हे माझ्या बाबांचे चुलतभाऊ. त्यांचं आणि आमचं वावर लागून, मधे एकच धुरा, म्हणजे बांध. तो धुरा दर नांगरटीला थोडा-थोडा आमच्याकडे सरकायचा. बाबांना दिसायचं, पण बाबा बोलायचे नाहीत. बाबांचा स्वभावच तसा. पाऊस आला तरी आधी दुसऱ्याला विचारतील, येऊन राह्यला का म्हणून. आमच्याकडे भासऱ्यापुढं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावापुढं, बाई पदर घेते आणि तोंड उघडत नाही. मायनं पदर घेतला, पण तोंड उघडलं. थेट सरकारी मोजणी बोलावली. मोजणीत खरा धुरा मोठेबाबांच्या वावरात चांगला आत निघाला. गावभर बोभाटा झाला.

त्याच पावसाळ्यात आमचा एक बैल लंगडा झाला. सोयाबीन एवढंसं आणि तण त्याच्या डोक्यावर. डवरणीला, म्हणजे ओळींमधलं तण काढायला, बैलजोडी मागायला बाबा मोठेबाबांकडे गेले. चौकात माणसं बसलेली. मोठेबाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जिले एवढं तोंड आहे, तिनं खांदाही लावावा."

बाबांनी घरी येऊन हे खाली मान घालून सांगितलं. माय भाकर थापत होती. थापतच राहिली. भाकर तव्यावर टाकली आणि म्हणाली, "लावीन."

दुसऱ्या दिवशी लावला. डवऱ्याला दोर बांधून तो खांद्यावरून घेतला, खाली पोत्याचा तुकडा घातला, मागे बाबा रुमनं, म्हणजे डवऱ्याची मूठ, धरून. मी तेव्हा आठवीत होते, पाण्याची कॅन घेऊन बांधावर. बरं, सुरुवात कुठून करावी? मोठेबाबांच्या धुऱ्याला लागून जी ओळ होती, तिथूनच! तिकडं मोठेबाबा आपल्या जोडीनं डवरत होते, इकडं माय. बैल एक फेरा मारायचे तेवढ्यात मायचा अर्धा व्हायचा, पण थांबली नाही. असे तीन पावसाळे गेले. पुढं भाड्यानं यंत्र मिळायला लागलं, बैल विकला, जू गोठ्यात टांगलं गेलं. घट्टा राहिला.

म्हणजे लक्षात घ्या, ती गरीब बिचारी म्हणून ओढत नव्हती. ती चिडून ओढत होती. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक माझ्या मायशिवाय कोणालाच कळला नाही. मलाही उशिराच कळला.

दुसऱ्या वर्षी रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढला. तो व्हॉट्सअॅपवर फिरला. वर लिहिलेलं, 'बैलाच्या जागी माय', आणि खाली रडक्या तोंडांची रांग. मंगरूळपीरहून मामाचा फोन आला, तो फोनवरच रडला. मायनं तो फोटो माझ्या हातातून ओढून घेतला. "मी रडून राह्यली का याच्यात? पाय, नीट पाय माहं तोंड!" मी मोठा करून पाहिला. दात आवळलेले, ओठ वाकडा. "पुंजाजीले शिवी देऊन राह्यली होती मी," माय म्हणाली. "चांगली आईमाईवरची. आन् हे मेले रडून राह्यले."

आता कॉलेजात या. तिसऱ्या वर्षी मी वर्गात हा किस्सा सांगितला, तर सरांचे डोळे चमकले. सर वाईट नाहीत. त्यांनी मला पुष्कळ शिकवलं. पण त्यांनीही तेच केलं. म्हणाले, "वैभवी, तुझ्याकडे सोनं आहे. खांद्याचा साचा घे. प्लास्टर. अंधारी खोली, वरून एकच दिवा, मागे तो फोटो भिंतभर." मीही हुरळले. सुट्टीत घरी आले, मायला खाटेवर बसवलं, खांद्याला व्हॅसलीन चोपडलं, प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या लावल्या. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. माय हसत सुटली, "अवो, शेकून राह्यली का मले?" साचा सुरेख निघाला. घट्ट्यावरची बारीक भेगसुद्धा आली.

आणि हॉलमध्ये मांडला तेव्हा व्हायचं तेच झालं. पहिलीच बाई आली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बिच्चारी!" मागून आणखी एक. एका मुलीनं डोळे पुसले. एकानं विचारलं, ही बाई जिवंत आहे का? मी कोपऱ्यात उभी होते आणि माझ्या अंगाची लाही होत होती. फोटो काढणाऱ्यानं जे रस्त्यावर केलं, तेच मी दिवा लावून केलं होतं. वर पाटी, 'कृपया कलाकृतीस हात लावू नये'. मी सगळ्यांदेखत साचा स्टँडवरून उचलला, पिशवीत घातला आणि एसटीनं घरी आले.

मायनं साचा हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. "गार आहे हे," म्हणाली. "माहा खांदा असा गार नाही. हा मेलेल्या माणसाचा आहे." मग चुलीशेजारी उताणा ठेवला आणि त्यात लसूण भरला. "लसूण ठेवाले बरा आहे पण."

माझं सहा महिन्यांचं काम. लसणाला बरं.

घरी होते तितके दिवस रोज संध्याकाळी मी तिचा खांदा तेलानं चोळायचे. घट्टा आतून दुखतो, पावसाळी हवेत जास्तच. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बोटं घट्ट्याच्या वरच्या बाजूला दाबली की माय पहिल्या वर्षाचं बोलायची, दोर नवीन होता, काचायचा, ते. खाली सरकून दाबलं की दोर तुटून ती चिखलात तोंडावर पडली ते निघायचं, आणि बाबा तिला उचलायचं सोडून डवरा मोडला का ते बघत होते हेही. "डवरा पाहून राह्यला होता हा मानूस! डवरा!" बाबा दारात बिडी ओढत बसलेले असायचे. ऐकायचे, बोलायचे नाहीत. तीन पावसाळे तिच्या पाठीमागं चालले, पण त्या खांद्याबद्दल बाबांच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलेलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही.

मी पुस्तकांतून वाचलं होतं की शरीरात आठवणी साठून असतात. असतील, पण बघून त्या दिसत नाहीत. दिव्याखाली ठेवून तर मुळीच नाही. हात लावावा लागतो, आणि तोही योग्य माणसाचा. मला पाहिजे होतं ते एवढंच: त्या खांद्याला बघून कुणी 'बिच्चारी' म्हणू नये, आणि ज्यांनी त्याच्यासाठी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं त्यांनी ते म्हणावं.

पोळा जवळ आला तेव्हा ते डोक्यात आलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. बैल धुऊन आणतात, लोणी-हळद पळसाच्या पानावर घेऊन जू टेकतं तिथं खांद्याला चोळतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर ओढलं त्याची जाण म्हणून. लहानपणापासून बघत आले. पण त्याच गावात, त्याच वावरात, त्याच दोरानं जिनं ओढलं तिला कुणी आवतन दिलं नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मायला सांगितलं, तर तिनं भाकर उलटायची सराटी माझ्या अंगावर फेकली. "मले बैल बनवतं का व? एकानं फोटो काढून बनवलं, आता तू चौकात नेऊन बनव!" दोन दिवस बोलली नाही. मीही अडून राहिले, अखेर पोरगी तिचीच. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता आपणच म्हणाली, "चौकातच करशीन ना?"

"हो."

"पुंजाजीचे बैल असतेत तिथीसाच?"

"तिथंच."

"मंग बसतो मी. पन फोटो नाही काढाचा कोनी. आन् रडनारं कोनी दिसलं त हाकलून देईन, सांगून ठेवतो."

सरांना फोन केला. सर म्हणाले, परीक्षक गावात येणार नाहीत, मांडणी हॉलमध्येच पाहिजे, निदान व्हिडिओ तरी कर. मी म्हटलं, मायनं नको म्हणून सांगितलंय. सर म्हणाले, "मग मी मार्क कशाला देऊ?" मी म्हटलं, "नका देऊ."

खांदशेकणीच्या संध्याकाळी मी गोठ्यातलं आमचं जुनं जू काढलं, पुसलं आणि मारुतीच्या पाराजवळ दोन मेढी रोवून त्यांवर आडवं ठेवलं. खाली पाट. पाटावर माय, धुवट लुगडं नेसून, उजव्या खांद्यावरचा पदर बाजूला घेऊन. शेजारी वाटीत लोणी-हळद आणि पळसाची पानं. बस, एवढीच माझी मांडणी.

गावात आता बैलजोड्या राहिल्यात चार. त्यातली मानाची मोठेबाबांची, पांढरीशुभ्र. बाकी सगळे ट्रॅक्टरवाले. पोट्टे ट्रॅक्टर धुऊन आणतात आणि बॉनेटवर हळदीची बोटं ओढतात, हेही आता रीतच झालंय. चौक भरला. लोक मायकडं बघत होते आणि बघून न बघितल्यासारखं करत होते. बाया ओट्यांवरून माना लांब करून पाहत होत्या. पुढं कुणीच येईना. माय ताठ बसलेली. हिला मी गावापुढं तोंडघशी पाडलं असं वाटलं.

मग मोठेबाबा आले. भागिरथा मोठीआई, त्यांची बायको, मागे हळदीचं ताट घेऊन. मोठेबाबांनी आधी जू पाहिलं, मग मायला, मग मला. "काय तमाशा आहे हा? बैलाचा सन आहे. बाई का जनावर आहे, खांदा शेकाले?"

मायनं पदर डोक्यावर घेतला. रीत ती रीत. मग म्हणाली, "जनावर नाही, म्हनूनच आवतन नाही भेटलं, भाऊजी. जनावर असती त दरसाल भेटलं असतं."

कुणीतरी हसलं. मोठेबाबा तापले. "देवाधर्माची थट्टा लावली! बैलाचं बैलाले राहू द्या."

"बैलाचं बैलाले?" मायनं हात करून बॉनेटकडं दाखवलं. "त्या टॅक्टरले कुठीसा आहे खांदा? त्याले चालते हयद. लोखंडाले चालते. माह्या खांद्यानंच बाटते का तुमचा पोया? आन् खांदा लाव म्हनलं कोनं होतं? याच चौकात? इसरले का?"

विसरलं कुणीच नव्हतं. मोठेबाबा काहीतरी बोलायला गेले तोच भागिरथा मोठीआईनं हळदीचं ताट पारावर ठेवलं, चालत आली आणि मायशेजारी मातीतच बसली. ही बाई चारचौघांत कधी बोलल्याचं कुणाला आठवत नाही. तिनं दोन्ही खांद्यांवरचा पदर सरकवला. फवारणीच्या पंपाच्या पट्ट्यांचे दोन काळे वण, इकडून तिकडं. मोठेबाबांच्या सगळ्या कपाशीवर, सोयाबीनवर हीच फवारते. "माहेही शेकून देय व पोरी," ती मला म्हणाली. मोठेबाबा तिच्याकडं बघतच राहिले.

मी पान उचलायला वाकले, तर वाटीवर आधीच एक हात होता. बाबांचा. बाबा कधी आले, कुठून आले, कळलं नाही. पळसाच्या पानावर लोणी-हळद घेतली आणि मायच्या मागं उभे राहिले, वावरात राहायचे तसे मागंच. पण या वेळी वळून पुढं आले, गुडघ्यावर बसले आणि घट्ट्यावर पान टेकवलं. चोळलं. हळूहळू, वरून खाली. माय समोर बघत होती. मग बाबा तिच्या कानाशी म्हणाले, पण अख्ख्या चौकानं ऐकलं, "आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

जन्मात पहिल्यांदा बाबा मायला 'या' म्हणाले. मला रडू आलं. रडणाऱ्याला हाकलणार होती, म्हणून मी जुवाच्या मागं तोंड लपवलं. भागिरथा मोठीआईचे खांदे मी तिथूनच शेकले. मग आणखी बाया उतरल्या ओट्यांवरून. कुणाचा खांदा, कुणाची कंबर, एकीचे गुडघे. वाटी संपली, घराघरातून लोणी आलं. चावटपणा सुरू झाला, "हिचं तोंड शेका व, तेच लय चालते!" हसून हसून पुरेवाट झाली.

मला वाटलं, झालं. माझं मांडणशिल्प पुरं झालं. पण ते माझं राहिलंच नव्हतं. माय पाटावरून उठली, पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाली, "आवतन घेतलं म्या. उद्या जेवाले येतो. पन एक सांगा, बैल कधी सोताचं पुरन वाटून जेवाले येते का?"

बाबा गोंधळले. "म्हंजे?"

"म्हंजे उद्या सयपाक तुमी करसान."

बायांना एवढं सांगणं पुरे होतं. त्यांनीही आवतन घेतलेलंच होतं ना!

पोळ्याच्या सकाळी आमच्या ओट्यावर बाया येऊन बसल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, हातावर हात ठेवून. चुलीपुढं बाबा. पुरण करपलं, दुसऱ्यांदा शिजवलं, पोळ्या फाटल्या. माय बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती, पण बोट लावत नव्हती. आजूबाजूच्या घरांतून धूर निघत होता, खोकणं ऐकू येत होतं, एका घरातून डबा पडल्याचा आवाज. मोठेबाबांच्या घरातून मात्र धूर नाही. भागिरथा मोठीआई आमच्या ओट्यावर मायशेजारी बसली होती आणि घराकडं बघतसुद्धा नव्हती.

संध्याकाळी चौकातलं पोळ्याचं तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले. दारात आलेल्या बैलाला पुरणपोळीचा घास दिल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. मोठेबाबांची पांढरी जोडी झूल पांघरून त्यांच्या दारात उभी राहिली, आणि घरात पोळी नव्हती. सगळा गाव बघत होता. मोठेबाबा थोडा वेळ बैलांपाशी थांबले. मग रिकामं ताट घेऊन आमच्या दारात आले. याच दारातला माणूस त्यांच्याकडं जोडी मागायला गेला होता.

माय उठली. बाबांच्या पोळ्यांतल्या त्यातल्या त्यात गोल अशा दोन तिनं निवडल्या आणि त्यांच्या ताटात ठेवल्या. "ह्या बैलाच्या. बैलानं माहं काई वाईट केलं नाही."

मोठेबाबा हलले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "आन् घरच्याइले?"

मायनं पायानं परात त्यांच्याकडं सरकवली. आत कणीक होती, पाणी घातलेली, तिंबायची राहिलेली.

"ज्याले भूक आहे," माय म्हणाली, "त्यानं खांदा लावावा."

मोठेबाबांनी एकदा ओट्याकडं पाहिलं. मग ते टेकले, फेटा काढून बाजूला ठेवला, बाह्या वर सारल्या आणि हात परातीत घालणार तोच—

"आंदी हात धुवा," भागिरथा मोठीआई म्हणाली.